जुन्या फोनातले लाल गोल

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं ते कळणारच आहे. तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातला बराच काळ परीक्षेच्या हॉलमध्ये मुलींच्या पाठीमागून हळूच चालण्यात घालवला. समोरून चालणाऱ्या शिक्षिकेला काही सापडत नाही. दोन पेपरांत एकच चूक दिसली की मी दोन्हीकडे लाल पेनानं गोल करायची आणि दोघींना समोरासमोर उभं करायची. बहुतेक वेळा माझं बरोबर निघायचं. ज्या वेळी निघायचं नाही, ती वेळ मी फारशी लक्षात ठेवली नाही.

आमचे हे म्हणायचे, "तू देवळात गेलीस तरी चपला पिशवीत घालून आत नेशील." नेतेच मी. आजवर एकदाही चोरीला गेल्या नाहीत.

टाळेबंदीच्या वर्षी कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती घरच्या घरीच बसला. मंडळ म्हणजे आमच्यासारखी इथंच जन्मलेली चार जुनी घरं आणि बदलीवर आलेली बरीच नवी. त्या वर्षीची सभा फोनवरच झाली. नव्यानं बदलून आलेल्या, आयटीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं की प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये एखादा जुना फोन पडलेला असतो. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांची शाळा आता फोनवर भरते आणि त्यांच्याकडे फोनच नाही. आपण फोन देऊ, दर महिन्याचा रिचार्ज मंडळ करेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "पण अभ्यासालाच वापरतील कशावरून?"

मग अध्यक्ष म्हणाले, "बरोबर आहे. तुम्हीच लक्ष ठेवा." बोलेल त्यानं करायचं, हा आमच्या मंडळाचा जुना रिवाज. अशी मी फोनप्रमुख झाले.

फोन निघाले नऊ आणि यादीत मुलं पंधरा. म्हणून मी नियम केला की ज्या घरी फोनचा गैरवापर होईल, त्या घरचा फोन परत घेऊन यादीतल्या पुढच्या मुलाला द्यायचा. नियम सगळ्यांना आवडला. आजही तो मला वाईट वाटत नाही. सहा मुलं हात चोळत बसलेली असताना सातव्याच्या बापानं फोनवर सिनेमे बघावेत, हे कुणाला चालेल?

नवांपैकी एक फोन माझा होता. वरच्या कोपऱ्यात काचेला तडा, बाकी ठणठणीत. देण्याआधी प्रत्येकानं फोन रीसेट करायचा, म्हणजे आतलं सगळं पुसून कोरा करायचा आणि तसं मंडळाच्या फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. मी रीसेटपर्यंत पोचले तेव्हा पडद्यावर सूचना आली की सगळी माहिती कायमची पुसली जाईल. सगळी म्हणजे किती? माझ्या नव्या फोनवर यांचे शेवटच्या वर्षाचे फोटो होते आणि ते याच जुन्या फोनवरून तिकडं आले होते. इथलं पुसलं आणि तिथलंही गेलं तर? पुण्याला लेकीला विचारलं असतं तर तिनं दोन मिनिटांत समजावलं असतं. पण लेकीचं 'आई, काही होत नाही गं' मला कधीच पुरेसं वाटत नाही. मी नुसतं सिम काढलं आणि फॉर्मवर 'रीसेट केला' यापुढं बरोबरची खूण केली.

माझा फोन गेला एका दहावीतल्या मुलीकडं. तिची आई आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भांडी घासायला यायची. इमारतीच्या कमिटीनं कामवाल्यांना बंदी केल्यापासून तिचं येणं थांबलं होतं. मुलीचे वडील हावड्याला एका लेथच्या कारखान्यात होते. लोकल बंद, कारखाना बंद, ते घरीच होते. मायलेकी डमडम भागातल्या आमच्या इमारतीच्या गेटपाशी फोन न्यायला आल्या. मुलीनं मास्क लावलेला, वर नुसते डोळे. तिनं फोन दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. मला वाटलं, एवढं नाटक कशाला? मी बंगालीत बजावलं, "फक्त अभ्यास. मी बघणार आहे." तिनं मान हलवली.

त्या दिवसांत माझ्या उजव्या पायाला सूज येत होती. लेक रोज सकाळी पायाचा फोटो मागायची आणि तिकडच्या डॉक्टरांना दाखवायची. इथं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. एकट्या बाईचं दुखणं चारजणांना कळलं की पाचवा दार वाजवतो, असं माझं मत आहे. एका सकाळी मी पायाचा फोटो शोधत होते, तर माझ्या दोन पायांच्या मध्ये मासा दिसला.

म्हणजे पायाच्या दोन फोटोंच्या मध्ये. वर्तमानपत्रावर ठेवलेला, चांदीसारखा लखलखीत, हातभर इलिश. आमच्या घरी मासे शिजत नाहीत, पण या गावात जन्मलेल्याला इलिश ओळखायला शिकावं लागत नाही. किती महाग मिळतो तेही माहीत असतं. मी असला फोटो काढलेला नव्हता. मागच्या भिंतीवर एक दप्तर लटकत होतं, आणि फोटोच्या वरच्या बाजूला दाराच्या चौकटीत बसलेली, फोन न्यायला आलेल्या त्या मुलीची आई होती.

जरा वेळानं डोक्यात उजेड पडला. जुना फोन अजून माझ्याच खात्याला जोडलेला होता आणि तिथं काढलेला फोटो माझ्याकडं येत होता. लेकीला सांगावं असं क्षणभर वाटलं. पण सांगितलं असतं तर तिनं ताबडतोब ते बंद करायला लावलं असतं. आणि मला तर लक्षच ठेवायचं होतं. देवानंच खिडकी उघडून दिली, असं मी मनाशी म्हटलं आणि बिनदिक्कत आत डोकावायला लागले.

फुकटचा फोन, आणि ताटात इलिश! मी बोटानं माशाभोवती लाल गोल काढला आणि फोटो जपून ठेवला. मंडळाच्या सभेत पुरावा लागणार होता.

मग रोज सकाळी पायाआधी मी ते घर बघायला लागले. बाजेवर पाठ करून झोपलेला एक पुरुष, भर दुपारी, कानात वायर. वायरला लाल गोल. अकरा वाजून दहा मिनिटांनी खिडकीबाहेरच्या पतंगाचा फोटो. वर्गाच्या वेळेला पतंग? फोटोवरच्या वेळेला लाल गोल. कोपऱ्यात नवीकोरी प्लास्टिकची खुर्ची. तिलाही गोल. कुठंतरी पाणी मुरतंय याची मला खात्रीच पटली. माझ्या हाताला जुनी लय सापडली होती आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत बरं वाटत होतं. निवृत्त झाल्यापासून कुणाला पकडलं नव्हतं.

पुढं जे फोटो यायला लागले, त्यांनी मी जास्तच पेटले. एका सकाळी आला एका जुन्या ट्रान्झिस्टरचा फोटो, अगदी मधोमध, आणि त्यात खोचलेली तीच कानाची वायर. मी म्हटलं, वा, आता रेडिओपण! मग आली माशांची मोठी पाटी, शेजारी तराजू आणि त्यामागं उकिडवा बसलेला बाप. म्हणजे माझ्या फोनवर माशांचा धंदा सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी खुर्चीचा फोटो, मागून काढलेला. पाठीवर पांढऱ्या रंगात कुठल्याशा क्लबाचं नाव होतं. उचलून आणली असणार. एकदा नुसता एक कागद आला, वहीचं पान, त्यावर बंगालीत हातानं आखलेलं वेळापत्रक. फोटोतला प्रत्येक चमचा मोठा करून बघणारी मी, पण त्या कागदाला बोट लावलं नाही. वेळापत्रकात बघण्यासारखं काय असतं?

एक गोष्ट मात्र खटकायची. हे लोक असले फोटो काढतात कशाला? आपल्याच घरातल्या खुर्चीच्या पाठीचा फोटो कोण काढतं? मी त्यावर विचार केला आणि संशयी माणूस काढतो तोच निष्कर्ष काढला. वस्तू विकायला काढल्या असतील, गिऱ्हाइकाला फोटो पाठवत असतील.

मंडळाची सभा रविवारी होती. माझ्याकडं लाल गोलांचे अकरा फोटो जमले होते. पण न विचारता निकाल लावायचा नाही, हा माझा शाळेतला नियम. गुन्हेगाराला समोरासमोर उभं करायचं. तेव्हा शनिवारी दुपारी पायाला क्रेप बँडेज गुंडाळून, वर साडीचा काठ नीट सोडून मी निघाले. रिक्षा बस्तीच्या, म्हणजे झोपडपट्टीच्या तोंडाशी सोडली. पुढची गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दारात शिरावं लागेल. वरून वायरींचं जाळं, खाली उघडं गटार. घर विचारावं लागलं नाही. दारातली खुर्ची मी ओळखली.

मुलीची आई गडबडली. पदर डोक्यावर घेत म्हणाली, "बोशुन, माशिमा, बोशुन," म्हणजे बसा मावशी, बसा, आणि तीच खुर्ची पुसून पुढं केली. मी बसले नाही. पुरावा म्हणून जिच्याभोवती गोल काढला, तिच्यावर बसायचं कसं?

मुलगी आत जमिनीवर बसून लिहीत होती. मला बघून ती उठली, पण दचकली नाही. शाळेत पकडलेली प्रत्येक मुलगी दचकायची. ही नुसती उभी राहिली, माझ्या पायांकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "माशिमा, तुम्ही बसा. पायाची सूज अजून उतरली नाही का?"

साडी घोट्याखाली होती, बँडेज दिसत नव्हतं. लेक आणि तिचे डॉक्टर सोडून हे कुणाला माहीत नव्हतं. क्षणात डोक्यात वॉचमन आला, औषधवाला आला, वरच्या मजल्यावरची आली.

"तुला कुणी सांगितलं?" मी आवाज चढवला. "माझ्या घराची चौकशी करता तुम्ही लोक?"

आई घाबरून लेकीकडं बघायला लागली. मुलीनं फळीवरून एक पुडकं काढलं. स्वच्छ धुतलेल्या गमछात बांधलेला फोन आणि त्यावर चार्जरची वायर नीट गुंडाळलेली. तिनं गाठ सोडली, फोन सुरू केला आणि फोटो उघडून माझ्यासमोर धरला.

माझा पाय. काल सकाळचा. त्याच्याखाली परवाचा. मग माझ्या गोळ्यांची पाकिटं, मी लेकीला पाठवलेली. यांच्या वर्षश्राद्धाचा हार घातलेला फोटो. माझ्या स्वयंपाकघरात गळणारा नळ. आणि या सगळ्यांच्या मध्ये, एकामागून एक, माझे लाल गोल. इलिशभोवतीचा, वायरभोवतीचा, खुर्चीभोवतीचा. अकराच्या अकरा.

मी तिच्या घरात बघत होते तितके दिवस ती माझ्या घरात बघत होती. उघड्या खिडकीतून दोन्हीकडचं दिसतं, हे भूगोलाच्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आपोआप येतात," ती म्हणाली. "मी मुद्दाम उघडत नव्हते. पहिला गोल आला तेव्हा मला कळलं नाही. दुसऱ्याला कळलं."

मग तिनं बोटानं एकेक फोटो सरकवत नेला. ती वाद घालत नव्हती. फळ्यापाशी उभं राहून उत्तर सांगावं तसं सांगत होती. "तुम्ही वायरवर गोल केला, म्हणून मी रेडिओ दाखवला. बाबा त्यावर बातम्या ऐकतात, फोनला हात लावत नाहीत. माशावर केला, म्हणून पाटी दाखवली. कारखाना बंद झाल्यावर बाबा नाक्यावर मासे विकायला बसतात. त्यांचा पहिला दिवस होता, म्हणून मी फोटो काढला होता. तो मासा आम्ही खाल्ला नाही, माशिमा. खुर्ची समोरच्या क्लबाची आहे, त्यांचं नाव आहे मागं. फोनचा वर्ग असतो तेव्हा बसायला देतात."

"आणि तो कागद?" मी विचारलं.

तिनं वेळापत्रक मोठं करून दाखवलं. गुरुवारच्या अकराच्या रकान्यात बंगालीत लिहिलं होतं, 'तास नाही'. पतंगाचा दिवस गुरुवारच होता.

ती मला उत्तरं देत होती. दहा-बारा दिवस, एकेक करून, मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं होतं. तीस वर्षं पेपर तपासलेल्या मला ती उत्तरं आहेत हे कळलंच नाही. मी त्यांच्यावर परत गोल काढले. तराजूवर तर दोन.

मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी खाली बघितलं, आणि खाली तिची वही होती. तीन वह्या होत्या. शाळेनं फोनवर पाठवलेली धड्यांची पानं तिनं अक्षर न अक्षर हातानं उतरवून घेतली होती. आकृत्यासुद्धा, भारताच्या नकाशातल्या नद्यासुद्धा. शेवटच्या वहीत थोडीच पानं कोरी उरली होती.

"फोनवर आहे तर हे परत कशाला लिहितेस?" मी विचारलं. विचारताना उत्तर मला समजलं होतं.

उत्तर आईनं दिलं. "तुम्ही फोन न्यायला येणार ना, माशिमा. ही म्हणाली, लाल गोल खूप झालेत. आठ दिवस झाले, वर्ग आणि उतरवणं संपलं की ही तो बांधून ठेवते. तुम्ही आलात तर वेळ नको लागायला." त्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवलंय, अशा सुरात ती बोलली. परीक्षा होणार की नाही हे त्या वर्षी कुणालाच माहीत नव्हतं. आणि ही मुलगी परीक्षा होईल असं धरून, माझ्या आधी पोचायची धडपड करत होती.

मी त्या खुर्चीवर बसले. पाणी आलं, ते प्याले. मग खोडच ती, एक शंका उरलीच होती, ती विचारल्याशिवाय मला राहवेना.

"तुला फोन एवढा समजतो," मी म्हटलं, "तर माझं खातं यातून काढून टाकता आलं नसतं?"

"आलं असतं," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. फोन पुसावाही लागत नाही, तुमच्याकडचं काही जातही नाही. दोनदा दाबायचं."

"मग का नाही काढलंस? माझे गोल बंद झाले असते."

ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "अचानक फोटो यायचे बंद झाले असते, तर तुम्हाला वाटलं असतं की आम्ही काहीतरी लपवतोय."

मला तेच वाटलं असतं. त्याच संध्याकाळी मी रिक्षा करून फोन उचलून नेला असता. काय म्हणाले असते तेसुद्धा मला पाठ होतं. एवढीशी पोर मला न पुसलेल्या फोनपासून शेवटच्या गोलापर्यंत ओळखून होती, आणि मी तिच्याबद्दल ती अकरा वाजून दहा मिनिटांनी पतंग बघते, यापलीकडं काही ओळखत नव्हते.

"माझं चुकलं," मी म्हटलं. बंगालीत म्हटलं, आणि मग तिला कळणार नाही हे ठाऊक असून मराठीतही म्हटलं, कारण खरं वाटलेलं माझ्या तोंडातून त्याच भाषेत निघतं. "फोन तुझ्याकडंच राहणार. उद्या मंडळात मीच सांगते. रीसेट केल्याचं मी खोटं लिहिलं होतं, तेही सांगते. आता ते खातं काढ. आत्ता, माझ्यासमोर."

मला वाटलं होतं की ती हसेल, निदान तिचे खांदे तरी सैल होतील. तिनं सेटिंग उघडलं. माझं खातं दिसलं, खाली 'काढून टाका' असं आलं. तिचं बोट तिथवर गेलं आणि थांबलं.

"नक्की काढू?"

"काढ ना."

तिनं बोट मागं घेतलं. फोन माझ्या हातात दिला.

"तुम्हीच दाबा, माशिमा," ती म्हणाली. मग दाराकडं वळून तिनं हाक मारली, "आई, जरा इकडं ये. माशिमा स्वतः दाबतायत, तू बघ."

आई पदराला हात पुसत आली आणि माझ्या बोटाकडं बघत उभी राहिली. मी दोनदा दाबलं.